रुमालवाले सर

मराठी शाळेच्या वेळापत्रकात 'मूल्यशिक्षण' नावाचा एक तास असतो. गणिताच्या बाईंनी मागे पडलेलं प्रकरण संपवावं यासाठीच तो ठेवलेला असतो, असा सार्वत्रिक समज आहे. मी गणिताची बाई आहे, आणि माझाही तोच समज होता. पण एखाद्या शाळेच्या नशिबी असे एक सर येतात, जे हा तास कुणाला देत नाहीत. भूमितीला देत नाहीत, स्नेहसंमेलनाच्या तालमीला देत नाहीत. त्या तासाला ते नववीच्या मुलांना धर्म शिकवतात. धर्म म्हणजे एक नव्हे, हाताला लागतील तेवढे सगळे.

तुम्ही त्यांना नक्की पाहिलंय. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला शबनम, बोलण्यात दर दहा मिनिटांनी विनोबा. इतिहास शिकवतात, त्यातल्या लढाया उभ्याउभ्या उरकतात आणि संत आले की टेबलाला टेकतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते, हे ते असं सांगतात की वाटावं, शाई भरून द्यायला हे तिथेच बसले होते. पुढे त्याच विनोबांनी कुराणाचं आणि ख्रिस्तधर्माचं सार काढलं, गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिलं. "आणि तुम्हाला साधं माहीमला जायला कंटाळा येतो!" हे वाक्य मुलांना उद्देशून असतं, पण बघतात माझ्याकडे. कारण धर्मस्थळांच्या सहलीला मुली बरोबर असल्या की एक बाई लागतात, आणि त्या दिवशी जिचा तास मोकळा असतो ती मी असते.

आमच्या दादरच्या शाळेत मुलं त्यांना रुमालवाले सर म्हणतात. शबनममध्ये डब्याशेजारी पांढऱ्या रुमालांची चळत असते, घरी धुऊन इस्त्री केलेली. गुरुद्वारात डोकं झाकायचं, दर्ग्यात झाकायचं, ज्यूंच्या सिनेगॉगमध्येही झाकायचं. आणि नववीतल्या मुलाच्या खिशात रुमाल सापडणं हा चमत्कार मानायचा. वाटप झालं की सूचना होते, "हा रुमाल डोक्याचा आहे, नाकाचा नाही." तरी परतताना दोन-चार रुमाल ओलेच येतात.

एकदा दादरच्या गुरुद्वारातून थेट पोर्तुगीज चर्चला गेलो. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ती इमारत मुलांना आधी चर्चच वाटेना. दारात सर म्हणाले, "मुलग्यांनो, इथे रुमाल काढायचे." मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, देव एकच आहे ना? मग झाकायचं की काढायचं ते एकदा ठरवा की!" मी त्याला डोळ्यांनी झापला. सरांनी मात्र फूटपाथवरच वही काढून तो प्रश्न लिहून घेतला. अशा प्रश्नांची त्यांच्याकडे एक लांबट वही आहे. आमच्याकडे त्या प्रश्नांना उद्धटपणा म्हणतात.

गुरुद्वारात त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "ह्या ग्रंथसाहिबात एका मराठी माणसाची एकसष्ट पदं आहेत. कोण?" शिवाजी पार्कच्या आसपास वाढलेल्या मुलांना मराठी माणूस आणि मोठा आकडा म्हटलं की एकच नाव सुचतं. "तेंडुलकर!" सर नामदेवांवर येतात, पंजाबातल्या घुमानला जातात, तिथून परत पंढरपूरला येतात. तोवर मुलांचं सगळं लक्ष लंगरकडे लागलेलं असतं. कडाप्रसादाचं तूप बोटांना चिकटलं की आमच्या वर्गात शीख धर्माविषयी जो आदर उत्पन्न होतो, तो कुठल्याही पाठ्यपुस्तकाला जमलेला नाही. पुढच्या सहलीची नोटीस लागली की पहिला प्रश्न येतो, "सर, तिथे काय देतात?"

बूट हा दुसरा अध्याय. सरांच्या मते कुठल्याही धर्माची सुरुवात बूट सरळ रांगेत ठेवण्यापासून होते. माझ्या मते ती मोज्यांपासून होते. आमच्या मुलांच्या मोज्यांतून बाहेर डोकावणारे अंगठे मुंबईतल्या झाडून सगळ्या देवांनी पाहिले आहेत.

पालक येतात. येणारच. लालबागहून एक वडील आले, "दर्ग्यात कशाला नेता पोरांना?" दुसरे हिंदू कॉलनीतले, पक्के विज्ञाननिष्ठ, "देवळात कशाला नेता?" दोघं एकाच दिवशी आले म्हणून सरांनी त्यांना एकाच बाकावर बसवलं. मग संविधानाची छोटी प्रत काढून कलम २८, पोटकलम तीन वाचलं: पालकांची संमती असल्याशिवाय शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून संमतीपत्र. "आणि मी धर्माचं शिक्षण देत नाही, धर्मांविषयी देतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. हा फरक कोठारी आयोगानेही केला होता, हेही सांगून झालं. लालबागच्या वडिलांना आयोगात रस नव्हता. मग सरांनी त्यांनाच विचारलं, "लालबागचा राजा पहिल्यांदा का बसवला हो?" गडी खुलला. पेरू चाळीतला बाजार बंद पडला, कोळी आणि व्यापारी उघड्यावर आले, जागेसाठी नवस केला, जागा मिळाली, १९३४ साली गणपती बसला. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, हेही त्यांनी हातवारे करून दाखवलं. विज्ञाननिष्ठ गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. पुढच्या आठवड्यात लालबागचे वडील वर्गात येऊन हेच सगळं सांगून गेले आणि माझा बीजगणिताचा तास गेला.

परवानगीची पत्रं सर स्वतः लिहितात, निळ्या शाईने, फादरना, ग्रंथींना, विश्वस्तांना, सगळ्यांना 'स. न. वि. वि.'. माहीमच्या दर्ग्याला जायचं तर मखदूम अली माहिमींनी कुराणावर भाष्य लिहिलं इथून सुरुवात. मग उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो हे आलं की आमच्यातली पोलीस लाईनीतली मुलं ताठ बसतात. माहीमच्या चर्चला जायचं तर बुधवारी, नोव्हेनाला. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. जे मागायचं ते मेणाचं वाहायचं. एका मुलीने विकणाऱ्या बाईंना विचारलं, "गणित आहे का?" सर इतके खूश झाले की मला राग दाखवायलाही जागा राहिली नाही.

गिरगावात 'प्रार्थना समाज' हा बसस्टॉप आहे एवढंच मुलांना ठाऊक. १८६७ साली निघालेली ती संस्था आहे आणि न्यायमूर्ती रानडे नि भांडारकर तिथलेच, हे ऐकून धक्का बसतो. आत मूर्ती नाही हा त्याहून मोठा. "मग आरती कुणाची करतात?" हाही वहीत गेला. सॅम्युअल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगची सहल त्यांनी आधी शनिवारी ठरवली होती, कारण शनिवारी शाळा अर्धा दिवस. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, हे भूमितीच्या बाईंनी सांगावं लागलं. रविवारी गेलो. १७९६ साली सिनेगॉग बांधणाऱ्याचं नाव सॅम्युअल इझिकेल दिवेकर, हे कळल्यावर वर्गातला दिवेकर दिवसभर पाहुण्यासारखा वावरला. बेने इस्रायलींच्या मलिद्यात पोहे, खोबरं आणि साखर असते, हे ऐकून "म्हणजे आपलेच!" असा निकाल लागला.

पण सरांचं खरं तेज पाहायचं तर पारशी कॉलनीत. अग्यारीत पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही, हे माहीत असून ते मुलांना तिथवर नेतात आणि फाटकाबाहेर उभं करतात. "आत जाता येत नाही तिथे बाहेर नीट उभं राहता आलं पाहिजे," म्हणतात. एका वर्षी तिथे त्यांनी सांगितलं, "पारशी लोक अग्नीची पूजा करतात." शेजारच्या इमारतीतल्या एक आजी पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "कोन बोलला? आगची पूजा नाय करते आमी. आग समोर उभा राहून अहुरा मज्दाची करते. मास्तर हाय ना तू?" मुलं गार. सरांनी हात जोडले, वहीत लिहून घेतलं. आजींनी मग चंदनाच्या लाकडापासून नवज्योतपर्यंत सगळं सांगितलं आणि एका मुलाला त्यांच्या गाडीला टेकल्याबद्दल झापलं.

पुढच्या वर्षी त्याच जागी सर तेच चुकीचं वाक्य दुप्पट मोठ्याने म्हणाले. मी दचकले. मग पाहिलं तर त्यांचे डोळे पहिल्या मजल्याच्या खिडकीवर होते. खिडकी उघडली, आजी बरसल्या. आता हा दर वर्षीचा कार्यक्रम आहे, आणि मला दाट शंका आहे की आजीही वाट बघत असतात. गेल्या खेपेला पिशवी वगैरे काही नव्हतं, ठेवणीतली गारा साडी नेसून खाली उतरल्या होत्या.

"सर, तुम्ही देव मानता का?" हा प्रश्न प्रत्येक तुकडी विचारते. "पेपरात नाही येणार," हे उत्तर प्रत्येक तुकडीला मिळतं. त्यांच्या घरी विचारून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी सिद्धिविनायकाला जातात खरे, पण रांगेतल्या लोकांशी गप्पा मारायला. गाभारा जवळ आला की दुसऱ्याला पुढे सोडतात."

यंदा मात्र ते पेचात सापडले. नववी 'ब'मधल्या एकाने विचारलं, "सर, नास्तिकांकडे कधी नेणार?" प्रश्न वाजवी होता, पण नेणार कुठे? शिक्षकखोलीत आठवडाभर खल झाला. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळा सुचवली, पण तिथे दर दसऱ्याला उपकरणांची पूजा तेच करतात. अखेर वरळीचं नेहरू तारांगण ठरलं. नोटीस लागली: शनिवारी दुपारी, रुमाल नकोत, प्रसाद नाही.

दर्गा, चर्च, अग्यारीचं फाटक, कशालाही हरकत न घेतलेल्या एका पालकांनी ह्या संमतीपत्रावर सही करायला साफ नकार दिला. ते पत्रिका बघतात, परळला त्यांचं मोठं नाव आहे. मी म्हटलं, आता सर नरमतील. सरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून शबनममध्ये ठेवला आणि म्हणाले, "बाई, पुढच्या शनिवारी मोकळ्या आहात ना? परळला जाऊ. त्यांची वेळ घेतो."