दाजी, ब्राझील आणि चार सेकंद

दिल्लीपासून चेन्नई जेवढी लांब, त्याहून ताश्कंद जवळ आहे. हे मी दाजींना नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं, तर ते म्हणाले, "मग व्हिसा कशाला लागतोय?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम कोल्हापूर, शिवाजी पेठ. ज्यांना कोल्हापूर म्हटलं की फक्त चप्पल आणि रस्सा आठवतो त्यांच्यासाठी सांगतो, या गावात कुस्तीच्या तालमी फुटबॉलचे संघ बाळगतात आणि विश्वचषक आला की गल्ल्यागल्ल्यांत ब्राझील नि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. दाजी ब्राझीलचे. 1986 साली झिकोने फ्रान्सविरुद्ध पेनल्टी घालवली, तिचं सुतक त्यांच्या लेखी अजून फिटलेलं नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मेस्सीच्या जमान्यातला, म्हणून अर्जेंटिनाचा. ताई सून म्हणून ब्राझीलची आणि आई म्हणून अर्जेंटिनाची.

भाचा पुण्याला टर्फवर पाच-पाच जणांचा फुटबॉल खेळतो. 2024 चा फुटसालचा विश्वचषक उझबेकिस्तानात आहे, ताश्कंद, बुखारा आणि अंदिजान अशा तीन गावांत 24 देश खेळणार आहेत, ही बातमी त्यानेच घरात आणली. दाजींना आधी खेळच पटेना. "पाचजणांचा फुटबॉल? राहिलेले सहा कुठं गेले?" मी मुंबईचा. आमच्याकडे सोसायटीच्या आवारात हा प्रकार 'रिंक' या नावाने चालतो आणि त्याचा मुख्य नियम असा की काच फोडेल त्याने भरून द्यायची. त्यामुळे मला नवल वाटलं नाही. 1930 मध्ये माँटेव्हिडिओच्या वायएमसीएत हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकाने तरी दुसरं काय केलं? खेळाडू बास्केटबॉलइतके घेतले, मैदान आणि गोल हँडबॉलचे घेतले, आणि पोरांना छपराखाली फुटबॉल खेळायला लावलं. वाण्याच्या उधारीवर एवढा मोठा संसार दुसऱ्या कुणी थाटलेला नाही.

आम्ही उपांत्य फेरीपासून जायचं ठरवलं. 2 आणि 3 ऑक्टोबरला उपांत्य सामने, 6 ला अंतिम. तारखा ऐकून ताई गप्प झाली. 3 ऑक्टोबरला घटस्थापना होती. अखेर घट जाऊबाईंच्या हवाली झाला, उपास मात्र ताईबरोबर ताश्कंदला आले. जिथे भातात मटण नसेल तर माणसं काळजीने विचारपूस करतात, अशा देशात नवरात्र पाळणारी बाई म्हणून तिची नोंद व्हायला हरकत नाही. तिचं काही अडलं नाही हे आधीच सांगतो. टरबुजाएवढे खरबूज, डाळिंबं, द्राक्षं, अक्रोड, बेदाणे. अंदिजानला जन्मलेला बाबर हिंदुस्थानात येऊन खरबुजासाठी का रडला, हे ताईला पहिल्याच फोडीला कळलं. उपासात तिचं वजन वाढलं.

ताश्कंदला उतरल्यावर घड्याळ अर्धा तास मागे करायचं. दाजींनी ते केलं नाही. "अर्ध्या तासासाठी कोण काटं फिरवतंय," म्हणाले आणि पाचही दिवस सगळीकडे अर्धा तास आधी पोचून लोकांना उशिरा आल्याबद्दल बोलत राहिले. पैसे बदलले. तेव्हा एका रुपयाला सुमारे दीडशे सोम पडत, म्हणजे साडेसहा-सात हजार रुपये दिले की हातात दहा लाख येत. दाजींनी ती चळत दोन्ही खिशांत विभागली आणि टॅक्सीवाल्याला "राहू दे वरचे पाच हजार" असं सांगतानाचा त्यांचा चेहरा मी कोल्हापुरात कधी पाहिला नव्हता.

टॅक्सीवाल्याने मागे वळून विचारलं, "हिंदिस्तोन?" आम्ही माना डोलावल्या. त्याने राज कपूरचं नाव घेतलं, मग मिथुनचं, मग शाहरुखचं. दाजींनी तिथल्या तिथे लालबहादूर शास्त्रींचं नाव घेतलं. 10 जानेवारी 1966 ला याच शहरात करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. टॅक्सीवाला आपणहून तिकडून गेला. दाजींनी पायातले बूट काढून नमस्कार केला आणि मग सगळ्यांनी जरा वेळ काही बोलायचं नाही असं ठरलं. ते त्यांनीच सिग्नलला मोडलं.

पहिली लढाई पलावशी. पलाव सकाळी मोठमोठ्या कढयांत चढतो आणि दुपारी संपतो. संध्याकाळी पलाव मागणाऱ्याकडे लोक दयेने बघतात. गाजर, चणे, बेदाणे, जिरं, मटण, वर घोड्याच्या मांसाच्या चकत्या. चकत्या कशाच्या हे भाच्याने दाजींना त्या खाऊन झाल्यावर सांगितलं. दाजी शांत होते. "घोडं असू दे," ते म्हणाले, "तिखट कुठंय?" मग पिशवीतून कांदा-लसूण चटणीचा डबा निघाला. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कुतूहलाने बोटावर चाखायला घेतली. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी छातीवर हात ठेवून "रहमत" म्हटलं आणि एका दमात तीन पियाले हिरवा चहा प्यायले. इथे यजमान पियाला कधी काठोकाठ भरत नाही, थोडा थोडा ओततो, म्हणजे पाहुणा बसून राहावा. काठोकाठ भरला तर समजायचं, आता निघा. दाजी मात्र पहिल्या दिवसापासून "भर की पूर्ण, लाजतोस काय" असं मराठीत सांगून स्वतःला हाकलून घेत होते.

ह्युमो अरेना हे ताश्कंदचं बंदिस्त क्रीडागृह बर्फावरच्या हॉकीसाठी 2019 मध्ये उघडलं. आत 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद मैदान. दाजींनी वरून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं तर आमच्या तालमीचं अंगण आहे." समोर ब्राझील आणि युक्रेन.

पुढची काही मिनिटं मी खेळ पाहिला नाही, दाजींना पाहिलं. एक खेळाडू बाहेर गेला, दुसरा आत आला, पंचांना कुणी विचारलंच नाही. "अरे! ह्यो कोण घुसला?" भाचा म्हणाला, "पप्पा, कितीही वेळा बदलता येतात." तेवढ्यात चौघे बदलले. दाजींनी जुन्या पाचांची तोंडं पाठ केली होती, ती वाया गेली. चेंडू बाहेर गेला, घड्याळ थांबलं. "घड्याळ बंद पडलंय!" त्यांनी खालच्या रांगेतल्या स्वयंसेवकाला हाका मारल्या. घड्याळ बंद पडलेलं नव्हतं. इथे अर्धा डाव वीस मिनिटांचाच, पण चेंडू खेळात नसेल तेव्हा वेळ मोजत नाहीत. म्हणजे पोट धरून लोळणं, बुटाची नाडी बांधणं, आभाळाकडे बघणं, यातलं काही केलं तरी एक सेकंद वाचत नाही. दाजी अस्वस्थ झाले. "मग पुढं असलेल्या टीमनं करायचं काय?"

"खेळायचं," भाचा म्हणाला.

सगळ्यात जास्त जीव त्यांचा चार सेकंदांनी घेतला. चेंडू रेषेबाहेर गेला की तो पायाने चार सेकंदांत आत घ्यायचा. पंच हात उंचावून एकेक बोट मोजतो, चार झाली की चेंडू समोरच्याला. ज्या माणसाला हॉटेलात काय मागवायचं हे ठरवायला अर्धा तास लागतो, ज्याला जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक आठवण सुचते, त्याला हा खेळ म्हणजे वैयक्तिक अपमान वाटला. त्यात संघाचे फाऊल साठत जातात आणि अर्ध्या डावातल्या सहाव्यापासून पुढे समोरच्याला भिंतीशिवाय दहा मीटरवरून फटका मिळतो. "म्हणजे दुसऱ्यानं केल्याली पापं पण आपल्याच खात्यावर," दाजी म्हणाले. हे त्यांना पटलं. एकत्र कुटुंबात वाढलेत.

ब्राझील 3-2 असं जिंकलं. दाजी पाच गोलांपैकी दोन चुकवून बसले होते. एकदा पाणी आणायला गेले, एकदा चष्मा पुसत होते. दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनाने फ्रान्सलाही 3-2 नेच हरवलं. फ्रान्सचा हा पहिलाच फुटसाल विश्वचषक. अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तानही पहिल्यांदाच आलेले, आणि अफगाणिस्तान तर थेट शेवटच्या सोळांत पोचून गेला होता. फ्रान्स हरल्यावर दाजींनी 1986 चा हिशेब थोडासा चुकता झाल्याचं जाहीर केलं, पण तो अर्जेंटिनाने केल्यामुळे पावती घेतली नाही.

मधल्या दोन दिवसांत बुखारा. ताशी अडीचशेपर्यंत पळणारी अफ्रोसियोब गाडी चार तासांत नेते. बाराव्या शतकातला कल्यान मिनार पाहिला. चंगीझ खानाने गाव उद्ध्वस्त केलं पण हा ठेवला असं सांगतात. ताईने त्याचं सविस्तर कौतुक केलं, ते इथे गाळतो. तळ्याकाठी गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा आहे. दाजींना त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

खरा बुखारा मागच्या बोळात सापडला. तिथे सात-आठ उझबेक पोरं विटा मांडून फुटबॉल खेळत होती. भाचा पाच मिनिटं उभा राहिला, मग आत शिरला. भाषेची अडचण आलीच नाही, कारण पोरांनी त्याला फक्त "हिंदिस्तोन? क्रिकेट!" असं म्हणून गोलीला उभा केला. दहा मिनिटांत तो पुढे खेळत होता. युवा गटाचा आंतरराष्ट्रीय सामना सुरू झाला. मग पंचाची गरज पडली आणि दाजी आपोआप पुढे झाले.

दोनच दिवसांपूर्वी चार सेकंदांवर कावलेला हा माणूस आता हात वर करून बोटं मोजत होता. "येक! दोन! तीन! च्यार! संपलं! दे तिकडं!" उझबेक पोरांनी हे आकडे मिनिटभरात उचलले. अख्खा बोळ "येक-दोन-तीन-च्यार" ओरडू लागला. गालिचेवाला दुकान सोडून बाहेर आला. एका पोराने नाडी बांधायचं नाटक केलं तेव्हा दाजींनी आपलं मनगटी घड्याळ उलटं करून दाखवलं आणि कोल्हापुरीत असं काही बोलले की ते पोरगं लगेच उठलं. ताई पायरीवर डाळिंब सोलत बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्या गॅसच्या सिलिंडरचा नंबर लावायला तुम्हाला आठ दिवस लागतात."

"तिथं पंच न्हाई," दाजी म्हणाले.

सामना उझबेकिस्तानने जिंकला. किती गोलांनी यावर अजून मतभेद आहेत.

6 तारखेला ह्युमो अरेनात आधी तिसऱ्या क्रमांकासाठी युक्रेनने फ्रान्सला 7-1 असं चोपलं. दाजींनी या वेळी पावती घेतली. मग ब्राझील आणि अर्जेंटिना. बाप एका खुर्चीवर पिवळ्या शर्टात, मुलगा दुसऱ्या खुर्चीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत, मधे ताई अक्रोड घेऊन. पहिल्या डावातच फेराओ आणि राफा सांतोस यांनी ब्राझीलला दोन गोलांनी पुढे नेलं. दाजी उठले नाहीत, पाण्याला गेले नाहीत, चष्मा पुसला नाही. 38व्या मिनिटाला मातियास रोसाने अर्जेंटिनाचा एक परत केला. राहिली दोन मिनिटं.

आजवरच्या आयुष्यात दाजींनी दोन मिनिटं एवढी लांब पाहिली नव्हती. चेंडू बाहेर, घड्याळ बंद. फाऊल, घड्याळ बंद. "पळव की रं ते घड्याळ!" जो माणूस पाच दिवस काटे अर्धा तास पुढे ठेवून हिंडला, तो आता सेकंदा-सेकंदाची भीक मागत होता. ब्राझीलचा सहावा विश्वचषक 2-1 असा एकदाचा संपला. दाजींनी मुलाला जवळ ओढलं. "लई भारी खेळली तुमची पोरं," म्हणाले. हरलेल्याला असं म्हणायला जिंकलेल्याचं काही जात नाही, हे भाच्यालाही ठाऊक होतं.

परतीच्या विमानात दाजींनी विचारलं, आपला देश ह्यात का नाही? आहे, पण नुकताच आलाय. भारताचा पुरुषांचा फुटसाल संघ ऑक्टोबर 2023 मध्ये आशियाई पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला, महिलांचा जानेवारी 2025 मध्ये. यातली महिलांची गोष्ट त्या वेळी घडलेलीच नव्हती, त्यामुळे दाजींच्या प्रश्नाला अर्धंच उत्तर मिळालं. ताईने मात्र तेव्हाच बजावून ठेवलं होतं की पुढची स्पर्धा नवरात्रात असेल तर ती येणार नाही. महिलांचा पहिला फुटसाल विश्वचषक फिलिपिन्समध्ये भरला. तो 21 नोव्हेंबर 2025 ला सुरू झाला, म्हणजे नवरात्राच्या बाहेर. तोही ब्राझीलने जिंकला.