११८ अंशांचे काकाजी

वऱ्हाडात उन्हाळा लागतो तो कुलर गच्चीवरून खाली उतरतो त्या दिवशी. मार्च सरत आला की अमरावतीत साईनगरापासून गाडगेनगरापर्यंत पत्र्याचे खटारे अंगणात येतात. कुणाची टाकी गळते, कुणाच्या स्टँडचा पाय गंजून गेलेला असतो. पायाला पट्टी मारायची तर भोक पाडणं आलं, आणि भोक पाडायला बसलं की ड्रिलखालून नुसता धूर निघतो. पट्टीवर चकचकीत टिकली तेवढी उमटते. मग घरातलं पोट्टं बिट मुठीत धरून काकाजींकडे पळतं.

असे काकाजी प्रत्येक नगरात एक असतात. आयटीआयचा फिटर ट्रेड, मग जिनिंगमध्ये किंवा एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, आता निवृत्त. जिन्याखालची जागा त्यांनी घर बांधतानाच स्वतःसाठी राखलेली असते. तिथे एक व्हाइस, सहा इंची ग्राइंडर, पाण्याचं टमरेल आणि डालड्याच्या जुन्या डब्यांत मिलिमीटरवार लावलेले बिट. शेताचा सातबारा कुठल्या पेटीत आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. साडेसहाचा बिट कुठल्या डब्यात आहे हे काकाजी झोपेतही सांगतील.

पोट्ट्यानं बिट पुढे केला की पहिला प्रश्न ठरलेला.

"कोनं लावली बे हे धार?"

"कोनं नाही, काकाजी. नवाच हाय."

"नवा हाय म्हनूनच इचारून रायलो."

कंपनीची धार ही काकाजींच्या लेखी नुसती शिफारस असते. हल्ली पोरं सोनेरी मुलाम्याचे बिट ऑनलाइन मागवतात. तो मुलामा टायटॅनियम नायट्राइडचा. काकाजी तो बिट एकदा चाकाला लावतात, शेंड्यावरचं सोनं उडतं, खालचं करडं पोलाद दिसतं आणि ते समाधानानं म्हणतात, "आता पाय, कसा मानसात आला!"

लगेच ग्राइंडर सुरू होईल अशी आशा कुणी धरू नये. आधी इतिहास. अमेरिकेत स्टीफन मॉर्स नावाच्या कारागिरानं १८६३ साली या पिळाच्या बिटाचं पेटंट घेतलं. तेव्हा तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, म्हणून आपल्या वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं विचारलं की काकाजी डोळे बारीक करतात. "एकाच सालची गोठ हाय, बह्याडा. त्यायनं बिट काढला, आपुन भाव खाल्ला. मंग भाव पडला. बिट राह्यला."

मग चष्मा चढतो. ग्राइंडर गुरगुरू लागतो. डाव्या हाताची बोटं टेकणीवर रोवून काकाजी बिट चाकाशी ५९ अंशांत तिरपा धरतात. दोन्ही बाजूंचे ५९ मिळून शेंडा ११८ अंशांचा होतो. कापणारी कड चाकाला टेकली की मागची मूठ हळूच खाली दाबायची, म्हणजे कडेमागचा भाग थोडा उतरता घासला जातो. हा उतार नसेल तर बिट लोखंडाला कापत नाही, नुसता चोळतो आणि किंचाळतो. उतार जास्त झाला तर कड पातळ होऊन तुटते. उलीसं कमी नाही, उलीसं जास्त नाही. हे "उलीसं" म्हणजे नेमकं किती, ते काकाजींच्या मनगटाला ठाऊक, तोंडाला नाही.

मोजमापाला त्यांच्याकडे दोन नट आहेत. षट्कोनी नटाचा प्रत्येक कोपरा १२० अंशांचा. दोन नट बाजूला बाजू भिडवून ठेवले की मधे जी खाच होते तीही १२०ची. तिच्यात शेंडा बसवून काकाजी तो उजेडाकडे धरतात. वरचे दोन अंश त्यांनी माफ केलेत. आयुष्यात दुसरी कसलीही सूट त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

त्यानंतर दोन्ही कडांची लांबी. एक कड दुसरीपेक्षा केसभर लांब राहिली तर शेंडा मध्यावरून सरकतो, एकच कड राबते, दुसरी नुसती सोबत फिरते, आणि सहाच्या बिटानं सव्वासहाचं भोक पडतं. "सरकारी हापीस होते बिटाचं," काकाजी म्हणतात. त्यामुळे पुन्हा घासणं, पुन्हा नट, पुन्हा उजेड. शंभर रुपयांच्या आतल्या बिटापायी संध्याकाळ जाते. पोट्टं उभ्या उभ्या पेंगू लागतं. तिकडे कुलर तीन पायांवर.

भिंतीचा बिट मात्र त्यांच्यापुढे आणू नये. त्याच्या टोकाला कार्बाइडची चकती असते, साध्या करड्या चाकाला ती दाद देत नाही. हिरवं चाक लागतं. काकाजींकडे हिरवं चाक आहे, पण ते कागदात गुंडाळून कपाटात आहे. काकूंना कपड्यांच्या दोरीसाठी भिंतीत एक खिळा हवा होता, तेव्हापासून.

बिट बाद करणं हा शब्दच त्यांच्याकडे नाही. घासून घासून तो तोकडा होत जातो. बिटाचा गाभा बुडख्याकडे जाड असतो, म्हणून जितका तोकडा तितकं शेंड्याचं मधलं टोक रुंद होतं आणि आत शिरायला कुरकुरतं. निवृत्त माणसासारखंच, उंची घटते आणि पोट सुटतं. मग काकाजी चाकाच्या कोपऱ्यावर तो गाभा दोन्हीकडून कोरून बारीक करतात. असे अंगठ्याएवढे उरलेले बिट त्यांच्याकडे वेगळ्या डब्यात आहेत. त्या डब्याला कुणी हात लावत नाही.

एवढा शहाणा माणूस गल्लीत एकटाच असतो, म्हणून त्याचं चालतं. आमच्या काकाजींचं दुर्दैव असं की त्यांनी मुलगी अकोल्यात दिली, आणि इवाई निघाले डाळ मिलमधले मेंटेनन्स फिटर. बैठकीत हुंडा-मानपानाचा विषयच निघाला नाही. पहिला तासभर दोघे ११८ की १३५ यावर बसले. १३५चा चपटा शेंडा टणक पोलादाला बरा, हे दोघांनाही मान्य होतं, तरी तासभर बसले.

खरा तंटा पाण्याचा. अमरावती संप्रदाय म्हणतो, दर घासणीला बिट टमरेलात बुडवा, तापूच देऊ नका. अकोला संप्रदाय म्हणतो, हायस्पीडचा बिट तापला तर तापू द्या, हवेत निवू द्या. लाल झालेला पाण्यात घातला की बारीक तडे जातात. शांतपणे ऐकलं तर एक जण तापण्याआधीचं बोलतो आणि दुसरा तापल्यानंतरचं. पण शांतपणे ऐकायला मधे कुणी नव्हतं.

२०२२च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यानं इवाई इहिणीसह अधिक महिन्यात पाहुणे आले ते पिशवीत आपले बिट घेऊन. आल्या पावली पाणी नाही, चहा नाही. व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी आवळली गेली. एक भोक अमरावतीचं, एक अकोल्याचं. लग्न जमवायलाही दोघांनी एवढी घाई केली नव्हती.

काकाजींच्या बिटानं दोन्ही कडांवरून सारख्या, लांबलचक दोन वेटोळ्या काढल्या. हीच धारेची पावती. मग इवाईंचा बिट लागला. त्याच्याही दोन वेटोळ्या, तितक्याच लांब. दोघांचे चेहरे उतरले. पुन्हा एकेक भोक, पुन्हा तेच. पट्टीत जागा उरेना तेव्हा कुठे हात थांबले.

"जमते तुमाले," काकाजी म्हणाले.

"तुमालेही जमते," इवाई म्हणाले. "पद्धत मातर चूकच हाय."

इतक्यात काकू बाहेर आल्या. त्यांनी व्हाइस सैल केला, पट्टी ओढून घेतली, पदरानं पुसली आणि आत गेल्या. पट्टी सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधली, भोकाभोकात तारेचे आकडे अडकवले आणि त्यांवर पळ्या, झारे, उलथणं, चिमटा असं सगळं टांगलं. "इतक्या वर्सांत या माणसाच्या धारेचा घराले पयला उपेग," त्या इहिणीला म्हणाल्या.

जेवायला पानं मांडली. पहिला घास हातात घेऊन काकाजी खिडकीकडे बघत बसले.

"इवाई," ते म्हणाले, "थो झाऱ्याचा आकडा पाहा. लय ढिला बसला. थे भोक तुमचं दिसते."