सहकर्जदाराचं खुरपं

माझ्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून आबांनी मला खटाव तालुक्यातून पुण्याला इंजिनिअरिंगला धाडलं. दुसऱ्याच आठवड्यात कॉलेजनं ‘कमवा आणि शिका’ योजनेत माझ्या हातात खुरपं दिलं.

आमची शाळा रयतची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात संस्था काढली, पोरांना राबून शिकायची सवय लावली, हे मी दर जयंतीला भाषणात ठोकून सांगायचो. टाळ्या पडायच्या. भाषण असं अंगाशी येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

फीचा भार शैक्षणिक कर्जावर. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून बरोबर ४ लाखच मागितले. तारण नको, पण पालक सहकर्जदार हवेत. आबांनी साहेब बोट ठेवतील तिथं सह्या ठोकल्या. माझ्या फोटोवर अर्धी सही अशी बसली, की बँकेच्या दप्तरी मला अजून मिशी आहे.

कोर्स संपून वर्ष होईस्तोवर हप्ता नाही, हे ऐकून आबा खूश. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लागलं. आमच्या बॅचमध्ये एवढं अभ्यासू कोणी नव्हतं. गणपतीची सुट्टी नाही, दिवाळी नाही, केटी तर नाहीच. शेवटच्या वर्षी, सगळी रक्कम उचलून झाल्यावर, मी हिशेब मांडला. ४ लाखांवर ११ टक्क्यांनी दिवसाला १२० रुपये व्याज. माझी बागेतली मजुरी तासाला ४५, तीन तासांचे १३५. उरले १५. म्हणजे एक वडापाव. चहा उधार.

त्याच सुमारास आबा कॉलेज बघायला आले. लायब्ररी, लॅब, वर्कशॉप, सगळं त्यांनी चालता चालता पाहिलं. थांबले ते माझ्या गुलाबांपाशी.

“ही आळी कुणी केली?”

“मीच.”

“शेतकऱ्याचं पोर म्हणून सांगू नकोस कुणाला.”

टोपी खिशात घालून ते खाली बसले. दोन तास हरळी मुळासकट उपटली, आळी पुन्हा बांधली, बांधावर हात थापटून पाणी सोडायला लावलं. मी हजेरीपत्रकात माझ्या नावापुढे दोन तास मांडले. कर्जात सह, तर कामातही सह.

संध्याकाळी सुपरवायझर काकांनी वाफा निरखला आणि माझी पाठ थोपटली.

“चार वर्षांत आज हात बसला बघ तुझा!”