तपकिरी खोलीचा कज्जा

मनुष्याच्या हातून आयुष्यात जे अविचार घडतात, त्यांपैकी बहुतेकांना निदान तारुण्याची सबब सांगता येते. परंतु वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, घरातल्या कोणाचीही मसलत न घेता, मी माझ्या लिहिण्याच्या खोलीला गडद मातकट रंग देण्याचा जो हुकूम सोडला, त्याला ती सबबही लागू पडत नाही.

तंटा रंगाच्या नावापासूनच सुरू झाला. तपकीर ओढणाऱ्यांनी त्याला ‘तपकिरी’ म्हटले, विडा खाणाऱ्यांनी काताची आठवण ठेवून ‘कथ्थई’ म्हटले, म्हणजे या रंगाच्या बारशाचा मक्ता पूर्वापार व्यसनी मंडळींकडेच दिसतो; आमच्या चिरंजीवांनी ‘चॉकलेटी’ म्हणून त्यात आपल्या व्यसनाची भर घातली.

“अहो,” कुटुंबाने विचारले, “सासूबाईंनी गावच्या मातीच्या भिंतींना जन्मभर चुना फासला तो माती झाकायला, आणि तुम्ही आता दाम मोजून चुन्यावर माती फासून घेणार?”

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे मी तो तहकूब ठेवला.

रंगाऱ्याने चुन्यात गेरू आणि चिमूटभर काजळी कालवून पहिला हात दिला, तेव्हा संध्याकाळच्या उजेडात ती ओली भिंत नुकत्याच नांगरलेल्या, पहिला पाऊस प्यालेल्या शेतासारखी दिसू लागली, आणि मी तिच्यासमोर खुर्ची टाकून रात्रीचे जेवण होईपर्यंत बसून राहिलो. सकाळी पाहतो तो दूध फार झालेल्या चहाचा रंग! चुना वाळताना हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा पांढरी चुनखडी होतो, हे शाळेत शिकलेले ज्ञान मला अशा रीतीने चाळीस वर्षांनी उपयोगी पडले. “साहेब, चुन्याला पेलवेल तेवढाच रंग घालावा,” असे रंगारी विनवीत होता. मी दुप्पट गेरू घालण्याचे फर्मान काढले. रंग आला, पण तो भिंतीचा झाला नाही. जो टेकेल त्याचा तो झाला. माझ्या सदऱ्यांच्या पाठी तर रंगल्याच, शिवाय माझ्याकडे कोण किती वेळ रेलून बसला होता याचा पंचनामा सबंध वाड्याला त्याच्या कोटावरून करता येऊ लागला. त्यात त्या भिंतींनी उजेडही असा गिळला, की 60 वॅटचा दिवा काढून 100 वॅटचा लावावा लागला.

समर्थनार्थ मी बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराची कथा सांगितली: आपल्या तपकिरी रंगात मिसरातल्या प्राचीन प्रेतांची पूड असते, हे 1881 मध्ये कळताच त्याने रंगाची नळी बागेत नेऊन विधिपूर्वक पुरली, त्या मानाने आमचा गेरू किती निरुपद्रवी! कुटुंबाने कथा शांतपणे ऐकून घेतली आणि, “आपल्याकडे बाग नाही,” एवढाच शेरा मारला.

उरलेला गेरू तिने तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना लावला. तेथे तो शोभतो, हे मी नाकारीत नाही. दिवाळीपूर्वी माझी खोली खरडून पुन्हा पांढरी करण्यात आली. कपाटामागचा हातभर पट्टा मात्र अजून तपकिरीच आहे. रंगारी येण्याच्या आदल्या रात्री ते कपाट मीच तेथे सरकवले होते.