तोफा मोजू नका, डिझेल विचारा

एका विषाणूने जगातली बहुतेक माणसं मारली आहेत. आर्क्टिकमध्ये चार महिने रेडिओ बंद ठेवून फिरणारी एक अमेरिकी विनाशिका तेवढी वाचली आहे आणि तिच्यावरची एक शास्त्रज्ञ लस शोधते आहे. ‘द लास्ट शिप’ या मालिकेची ही गोष्ट. २०१४ ते २०१८ या काळात टीएनटी वाहिनीवर तिचे पाच सीझन झाले. करोनाच्या काळात ती पुन्हा मोबाइलवर फिरली आणि वाराणसीत अस्सीच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत येऊन पोचली.

अस्सीवर कुठल्याही विषयावर मत मिळतं, तसं ते हिच्यावरही मिळालं. एकूण तीन मतं ऐकली. पहिलं : काय तोफा आहेत, काय क्षेपणास्त्रं आहेत, एक नंबर! दुसरं : अमेरिकेने स्वतःचा झेंडा मिरवण्यासाठी काढलेली जाहिरात आहे झालं. तिसरं, खालच्या आवाजात : या लोकांना सगळं आधीच माहीत होतं.

इथल्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटच्या मराठी घरांत हीच तीन मतं मराठीत आहेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, तेही हीच घेऊन येतात. ही तिन्ही मतं आळशी आहेत.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात घातक. विल्यम ब्रिंकलीच्या ज्या कादंबरीवरून ही मालिका निघाली ती १९८८ची, आणि तिच्यात जग संपतं ते अणुयुद्धाने. विषाणू मालिकावाल्यांनी घातला. त्यासाठी कुणाला भविष्य दिसण्याची गरज नव्हती. २००३मध्ये सार्स आला होता, २००९मध्ये स्वाइन फ्लू. त्याच्याही कितीतरी आधी मुंबईत प्लेग आला आणि शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७च्या जानेवारीत आपली लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. साथ येते, पुन्हा येते, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. ‘त्यांना आधीच माहीत होतं’ असं म्हटलं की आपल्याला का माहीत नव्हतं, हा प्रश्न गिळता येतो. म्हणून हे मत लोकांना इतकं आवडतं.

दुसरं मत अर्धं खरं आहे. अमेरिकी नौदलाने या मालिकेला सढळ हाताने मदत केली. पहिल्या भागाचं चित्रण सॅन दिएगोला ‘हॅल्सी’ या खऱ्या विनाशिकेवर झालं. मायकेल बे निर्मात्यांत आहे, म्हणजे स्फोटांची ददात नाही. झेंडा आहे, छाती फुगवणं आहे, आणि परक्या देशांचे खलनायक ठोकळेबाज आहेत. तिसऱ्या सीझनमधला आशिया पाहून चिडणाऱ्या प्रेक्षकाचा राग रास्तच आहे. पण ‘जाहिरात’ असा शिक्का मारून उठून जाणारा प्रेक्षक मालिकेतला सगळ्यात चांगला माल तिथेच टाकून जातो.

तो माल कुठला? पहिल्याच मताची मंडळी ज्याला ‘मधले भाग रेंगाळतात’ म्हणतात, तोच.

मालिकेतलं जहाज आर्ली बर्क वर्गाचं. या वर्गाच्या जहाजात चार गॅस टर्बाइन असतात. वीस नॉटच्या वेगाने साधारण ४,४०० सागरी मैल गेलं की टाकी रिकामी. वर सुमारे तीनशे माणसं. त्यांना रोज जेवण लागतं. पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यातून काढायचं, तर त्यालाही वीज हवी आणि विजेला इंधन हवं. जगातली बंदरं मेल्यावर ही साखळी तुटते. म्हणून कप्तान चँडलरला आधी लढाई नाही, ग्वांतानामोचा तळ गाठावा लागतो : इंधनासाठी, अन्नासाठी. पुढे इंजिन बंद पडतं आणि पाणी मोजून प्यायची वेळ येते. पुढे लस माणसावर आजमावायची ठरते तेव्हा जहाजावरचेच लोक हात वर करतात. घरी कोण जिवंत आहे हे ठाऊक नसलेली माणसं आपापल्या पहाऱ्याच्या वेळा पाळतात. मालिकेचा प्राण इथे आहे. तोफ कोणीही उडवतो.

ज्या प्रेक्षकांनी लस शोधणाऱ्या डॉक्टर रेचल स्कॉटचा बळी दिल्याबद्दल मालिकावाल्यांना धारेवर धरलं, ते मला सगळ्यात शहाणे वाटतात. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस तिला गोळी लागते आणि मालिकेचं डोकं उडतं. चौथ्या सीझनमध्ये पिकांवरचा रोग आणि उपासमार आणून लेखकांनी थोडं सावरलं. पाचव्यात नुसतं युद्ध उरलं, आणि ते असल्या शंभर मालिकांत मिळतं.

या सगळ्यात मला सर्वांत नेमका प्रश्न ऐकायला मिळाला तो एका नाववाल्याकडून. गिऱ्हाईक येईपर्यंत तो नावेत बसून मोबाइलवर पहिल्या सीझनचा एक भाग बघत होता. क्षेपणास्त्र सुटलं तेव्हा त्याचा चेहरा हलला नाही. जहाजाने दिशा बदलली तेव्हा मात्र त्याने भाग थांबवला आणि मला विचारलं, “भइया, तेल कहाँ से आवत हौ?” त्याच्या पायाशी डिझेलच्या तेलाने काळं पडलेलं फडकं होतं आणि बाजूला अर्धा भरलेला डबा. त्याला जहाज म्हणजे काय हे समजलेलं होतं. पुण्यामुंबईच्या किती प्रेक्षकांनी हा प्रश्न विचारला?

आणि काशीला प्रेक्षकपण शिकवायची गरज नाही. गंगेपलीकडे रामनगरची रामलीला बघा. महिनाभर चालते, माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. गावभर विखुरलेल्या जागांवर प्रसंग होतात आणि लोक चालत चालत मागे जातात. नेमी म्हणवणारे प्रेक्षक हातात रामचरितमानसचा गुटका धरून ओळ न् ओळ ताडून पाहतात. लंकेचं काय होणार हे त्यांतल्या प्रत्येकाला पाठ आहे. कोण जिंकणार यासाठी तिथे कोणीच येत नाही. केवट रामाला नदी कशी पार करून देतो, सेतू कसा उभा राहतो, हे पाहायला येतात. ज्या गावाला असा प्रेक्षक ठाऊक आहे त्या गावाने पडद्यावरच्या तोफा मोजत बसावं, हे मला सहन होत नाही.

आता खऱ्या जहाजांकडे या. २०२०च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ‘थिओडोर रूझवेल्ट’ या विमानवाहू जहाजावर करोना शिरला. वर जवळपास पाच हजार माणसं, अरुंद गल्ल्या, एकावर एक बिछाने. हजाराहून जास्त नौसैनिक बाधित झाले आणि एकाचा मृत्यू झाला. कप्तान ब्रेट क्रोझियर यांनी माणसांना किनाऱ्यावर उतरवा अशी पत्र लिहून मागणी केली, पत्र बाहेर फुटलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना पदावरून हटवलं. ते जहाज सोडून निघाले तेव्हा खलाशांनी त्यांच्या नावाचा गजर केला. मालिकेतला चँडलर वरिष्ठांचा हुकूम मोडतो तेव्हा टाळ्या पडतात. हा माणूस खरा होता, आणि त्याने बंदूक न उचलता आपली माणसं वाचवायचा प्रयत्न केला. त्याच एप्रिलमध्ये मुंबईत ‘आयएनएस आंग्रे’ या नौदलाच्या तळावरचे वीसहून अधिक नौसैनिक बाधित निघाले.

त्यानंतर महिन्याच्या आत आपल्या नौदलाने ‘समुद्र सेतू’ मोहीम काढली. १० मे २०२० रोजी ‘आयएनएस जलाश्व’ मालदीवहून ६९८ माणसं घेऊन कोचीला पोचलं. त्यांत गरोदर बायाही होत्या. पुढे श्रीलंका, इराण. ५५ दिवसांत ३,९९२ भारतीय समुद्रमार्गे घरी आले. युद्धनौकेत हवा यंत्राने खेळवलेली असते. एकाला बाधा असली तर ती सगळ्यांच्या नाकापर्यंत जायची भीती. तेव्हा प्रवासी कुठे, खलाशी कुठे, जेवण कोण कुणाच्या हाती देणार, संडास कोणते कुणाचे, हे सगळं आधी आखावं लागलं. आणि हे ‘जलाश्व’ म्हणजे एके काळचं अमेरिकी जहाज ‘ट्रेंटन’, २००७मध्ये आपल्या नौदलात आलेलं. अमेरिकेने काल्पनिक जहाजावर पाच सीझन काढले. अमेरिकेचंच जुनं जहाज घेऊन आपण खरोखर माणसं आणली, आणि त्यावर एक धड मालिका काढली नाही.

मे २०२१ आठवा. नौदलाची जहाजं आखातातून आणि सिंगापूरहून प्राणवायूच्या टाक्या घेऊन मंगळूर, विशाखापट्टणमला लागत होती. त्याच दिवसांत इथून नदीने खाली गाझीपूर, बक्सरजवळ गंगेत प्रेतं सापडत होती. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या स्मशानघाटांवर डोम समाजाची माणसं रात्रंदिवस राबत होती. नाववाल्यांच्या नावा महिनोन् महिने बांधून पडल्या होत्या आणि घरात चूल पेटवायची पंचाईत होती. प्राणवायू बंदरापर्यंत पोचला, पण बंदर ते रुग्णालय हा शेवटचा टप्पा किती ठिकाणी तुटला! मालिकेतल्या नाविकांची सारी धडपड हीच आहे : औषध बनवून चालत नाही, ते पोचवावं लागतं. करोना जगलेल्या प्रेक्षकाला हे पडद्यावर दिसत नसेल, तर तो काय बघत होता?

म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. निर्मात्यांनो, ‘जलाश्व’च्या भटारखान्यापासून सुरुवात करा. आंग्र्यांच्या आरमाराचा वारसा सांगणाऱ्या मराठीत ही मालिका आधी व्हायला हवी. प्रेक्षकहो, आपत्तीवरची पुढची कुठलीही मालिका पाहाल तेव्हा चार गोष्टी विचारा : तेल कुठून आलं, पाणी किती उरलं, जेवण कोण रांधतंय, आणि औषध शेवटच्या माणसापर्यंत कोणी नेलं. यांची उत्तरं ज्या मालिकेत आहेत तिला चांगली म्हणा, झेंडा कुणाचाही असो. आणि हेच चार प्रश्न घेऊन आपल्या नगरसेवकाच्या दारात जा. पुढची साथ यायच्या आत.