अक्षरं किती?

पेपर तुमचा, बिल तुमचं, पण शब्दकोडं तात्यांचं. तुमची दाढी उरकेपर्यंत आतलं पान भरून परत येतं, तेही पेनाने. पेन्सिल वापरणारे तात्यांच्या लेखी लिंबूटिंबू.

एवढ्यावर भागलं असतं तर हरकत नव्हती. पण तात्यांशी साधं बोलायची सोय नाही. जोशीकाकूंनी आनंदाने सांगितलं, "मुलीचं जमलं, मुलगा अमेरिकेत असतो." तात्या म्हणाले, "चार अक्षरं. पुढे?" मी पगार लांबल्याचं रडगाणं गायलो, तर म्हणे, "डोकं उडालं की गार, पण महिन्याला हवाच. अक्षरं किती?" डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने मधुमेह असल्याचं सांगितलं, तेव्हाही यांनी आधी बोटं मोजली. "चार! मधु अधिक मेह. म्हणजे मधाचा पाऊस हो!" आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लगेच टिपून घेतलं.

विषय निघालाच, किंवा नाही निघाला तरी, इतिहास ऐकावा लागतो. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विनने पहिलं कोडं छापलं, ही तात्यांच्या पंचांगातली तिथी. १९४४ साली लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यात 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड' असे नॉर्मंडीच्या स्वारीचे गुप्त शब्द ओळीने आले आणि कोडी रचणाऱ्या हेडमास्तरांच्या घरी गुप्तहेर खात्याची माणसं चौकशीला गेली, हे सांगताना तात्यांचा ऊर भरून येतो. तात्यांना अजून कुणी चौकशीला नेलेलं नाही, ही सोसायटीची खंत आहे.

मराठी कोड्यांवर त्यांचा राग आहे. "पतीला नवरा लिहायचं, यात कसलं कोडं? शब्दाच्या पोटात शब्द हवा, श्लेष हवा!" मग स्वतःची पोतडी उघडतात. मास्तरांची मोटार राज्य चालवते: सरकार. नाकात ट अडकला की पडदा उघडतो: नाटक. उलटं केलं तरी जुनं होत नाही: नवीन. खरं सांगायचं तर ही शेवटची ऐकून मी मनात दाद दिली. तोंडावर दिली असती तर जेवायची वेळ टळली असती.

"आणि नवरा उलटा वाचला तर?" तात्यांच्या बायकोने एकदा आतून विचारलं.

"रावन. पण चुकलं, ण हवा."

"तेवढी शुद्धलेखनाची चूक मी चालवून घेते."

तात्या मात्र वेलांटीसुद्धा चालवून घेत नाहीत. एका दैनिकाच्या कोड्यात आडवा शब्द 'कवी', उभा 'विहीर', आणि दोघांची गाठ एकाच चौकोनात! तात्यांनी कचेरीत फोन लावला. "तुमचा कवी आमच्या विहिरीत अडकलाय." पलीकडच्या मुलीने घाबरून अग्निशमन दलाचा नंबर दिला. "अहो, दीर्घ आहे तो, ऱ्हस्वात मावत नाहीये!" तात्या ओरडत राहिले.

वैताग आहे. पण एक कबूल करावं लागेल. आपण बोलतो ते घरातलेसुद्धा एकदा धड ऐकत नाहीत. हा माणूस आपला प्रत्येक शब्द उलटून, फोडून, पोटात काय दडलंय ते बघून मगच खाली ठेवतो. माझं पगाराचं रडगाणं दुसऱ्या कुणी ऐकलं होतं?

त्यांची नात कॅनडात आहे. मराठी छान बोलते, वाचता येत नाही. रविवारी फोनवर तात्यांनी तिला नाकातला ट घातला. "नाटक!" पोरगी खिदळली.

"शाब्बास! अक्षरं किती?"

"पाच."

रोमन अक्षरं मोजत होती बिचारी. आता फोन तासभर चालणार म्हणून मी उठलो. पण तात्या नुसते "बरोबर" म्हणाले.

हल्ली ते तिच्यासाठी रोमन लिपीत मराठी कोडी रचतात. काना नाही, वेलांटी नाही. "सोपं पडतं," म्हणतात. त्यात कवी आणि विहीर एकमेकांना बिनतक्रार छेदून जातात, आणि फोन करायला कचेरीही उरत नाही.