बसलात, पण दिसला नाहीत!

रा. रा. एसएसडीराव यांस,
मु. मदरबोर्ड, पहिला स्लॉट, नार्नूर, जि. आदिलाबाद

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आज तिसरा दिवस. आपण जागेवर बसला आहात हे मला डोळ्यांनी दिसतंय. स्क्रू मीच पिळलाय. पण बायोसमध्ये आपलं नाव नाही. विंडोज टाकायला घ्यावी, तर ड्राइव्हची यादी कोरी. पगारपत्रकावर सही करून गायब होणारे साहेब या तालुक्याने पुष्कळ पाहिले, पण खुर्चीत बसून गैरहजर राहणारे आपण पहिलेच.

केरामेरी-जिवतीच्या डोंगरात अशी गावं आहेत जी तेलंगणाच्याही यादीत आहेत आणि महाराष्ट्राच्याही. माणसं दोन-दोन मतदान ओळखपत्रं बाळगून आहेत. तिथे यादी दुप्पट, आणि आपल्याला एका यादीत यायला इतका संकोच?

बरं, आपला मान राखण्यात मी कसूर केली नाही. अंगठ्याएवढी रुंदी नि मधल्या बोटाएवढी लांबी, 22 बाय 80 मिलिमीटरचा जीव. पण तीनदा बाहेर काढून, तिरपं धरून, कडेपर्यंत सरकवून पुन्हा निजवलं. सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला. बोर्डावरचा बटणसेल काढून, दहा मिनिटं थांबून परत बसवला. कुळी तपासली: एकच खाच, म्हणजे आपण एनव्हीएमई, दोन खाचांचे ते बहुधा साटावाले. कुळी जुळत होती. दुकानदाराला फोन केला, तर म्हणे, "विंडोज करप्ट झाली असेल." अहो, ती अजून टाकलेलीच नाही! शेवटी भाच्याच्या लॅपटॉपात बसवलं, तर आपण क्षणात हजर, पूर्ण नावासकट. सासरी मौन, माहेरी गप्पा!

काल रात्री लाइट गेली म्हणून टॉर्चच्या उजेडात बोर्डाचं पुस्तक वाचलं. स्लॉटच्या नावापुढे एक फुली, आणि फुलीचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात: हा स्लॉट अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवरच चालेल. माझा दहाव्या पिढीचा. पहिल्या स्लॉटच्या तारा थेट प्रोसेसरला जातात. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमधून 20 लेन निघतात, त्यातल्या 4 खास ड्राइव्हसाठी. दहाव्या पिढीत एकूण 16, आणि त्या सगळ्या ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला. म्हणजे थांबा आहे, शेड आहे, वर चकचकीत पत्राही आहे. फक्त त्या रस्त्याने बस येत नाही. बोर्ड आणि प्रोसेसरची जोडी देताना दुकानदाराने "जमतं की!" असं सांगितलं होतं. जमतंच म्हणा. दिल्लीने नार्नूरला आकांक्षी तालुका म्हणून हुडकून पंतप्रधान पुरस्कारसुद्धा दिला, आणि मला माझ्याच टेबलावरची फुली तीन दिवस दिसली नाही.

तेव्हा तीन दिवस आपल्याला जे जे बोललो, ते मागे घेतो. आज सकाळी आपली बदली खालच्या स्लॉटात केली. तिथला रस्ता चिपसेटवरून जातो. बायोस उघडलं, तर आपण पहिल्याच ओळीत.

विंडोज चढत होती, तेवढ्यात माझ्या दुकानात एक आजी आल्या. अंगठा लावून पेन्शनचे पैसे काढायचे होते. ते काम मोबाईलवर होतं, म्हणून आपल्यासाठी खोळंबलं नाही. आजींनी अंगठा ठेवला. जुळला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला. नाहीच. जन्मभर कापूस वेचून रेघा झिजलेल्या, बोंडाच्या टोकांनी कातडी खरखरीत झालेली. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी हाय की रे इथंच!"

एरवी मी "उद्या या" म्हणालो असतो. आज म्हटलं, "आजी, दुसरं बोट लावा."

आपला,
(तीन दिवस धंदा बुडालेला) दुकानदार